फिरती प्रत

सीताबर्डीच्या फुटपाथवर पन्नास सांगितले त्यानं,
मी तीस म्हटलं, पस्तिसात तुटलं.
पहिल्या पानावर निळ्या शाईत:
'चि. शकूस, संसारात उपयोगी पडावी म्हणून.
तुझा मामा.'
कोण ही शकू, विचारलं तर म्हणाला,
ताई, मी किलोनं घेतो.

तीन रात्रींत वाचली.
लग्न न केलेल्या बाईनं लग्नावरची कादंबरी वाचावी तशी,
दुसऱ्याच्या गावचा नकाशा घेऊन
अंतरं मोजत.

ऑफिसात आम्ही पाच जणी वाचणाऱ्या.
मे महिन्यात कूलरसमोरचं टेबल मिळवायला
साडेबारालाच कुणीतरी डबा ठेवून येते.
माझ्यानंतर कुंदा झाडे, मग निखत.
अकराव्या प्रकरणात ती बॅग भरते, चप्पल घालते,
आणि गॅसवरचं दूध उतू जाईल म्हणून थांबते.
दूध तापतं. तो येतो. चहा होतो.
पुढची दोनशे पानं त्या चहाची.

"काऊन थांबली ते? गॅस बंद करून
जाता येत नाही का बाप्पा!" कुंदा म्हणाली.
"न तापवता ठेवलं तर नासतं," निखत म्हणाली, "उन्हाळ्यात."
"कादंबरीत हिवाळा आहे."
"माझ्या घरी उन्हाळा होता."
आणि तिनं वांग्याची भाजी पुढे सरकवली.
आम्ही खाल्ली. तिखट होती,
डोळ्यांत पाणी यायला कारण मिळालं.

उमाठेबाईंनी पट्टी लावून रेघा मारल्या,
सासूच्या वाक्यांखाली तेवढ्या.
यंदा त्यांच्याकडे सून आली होती.
प्राजक्ताचं लग्न ठरलेलं, तिनं एका रात्रीत परत केली.
"शेवट वाचला फक्त. मधलं कळेलच मला."

मग वैजयंती धाबर्डे.
जून गेला, जुलै गेला.
"वाचते आहे," एवढंच.
हरवली असेल, आम्ही म्हणायचो ती पाणी भरायला गेली की.
तिचा नवरा इतवारीत धान्याच्या दलालीत;
पेपरातलं भावाचं पान वाचतो,
बाकीच्यावर भजी निथळतात, असं तीच सांगायची.

तान्हा पोळा झाल्यावर पुस्तक आलं,
खाकी कव्हर घालून, कोपरे नीट दुमडून.
पान एकशे त्रेचाळीस तिनं स्वतःच उघडलं.
जिथे ती चप्पल घालून ओट्याशी उभी आहे
तिथे समासात, पेन्सिलीनं, बिलावरच्या तिरप्या अक्षरात:
'दूध मी उतरवलं असतं.'
आणि खाली एक बेरीज, चण्याच्या पोत्यांची.

"म्हणजे जा म्हणतो," निखत म्हणाली.
"म्हणजे सांगायचं होतं मला, असं म्हणतो," कुंदा.
"म्हणजे काही नाही, पुरुष असं लिहितात," उमाठेबाई म्हणाल्या
आणि सवयीनं खोडरबर काढला.
वैजयंतीनं पानावर तळहात ठेवला.
"मी विचारलं नाही. त्यांनी वाचलं हे मला कळलंय,
हे त्यांना माहीत नाही. असू द्या तसंच."
"बेरीज तरी बरोबर आहे का?" प्राजक्तानं विचारलं.
वैजयंतीनं बोटांवर मोजली.
"एक पोतं कमी धरलंय," म्हणाली,
आणि कितीतरी वेळ हसत राहिली.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी मागताहेत आता.
देऊ म्हणते, देत नाही.
घरी रात्री अर्धा लिटर तापायला ठेवते,
ओट्याला टेकून पुन्हा तेच पान काढते.
एकटीचं दूध लवकर वर येतं.
पुस्तक तिथेच पालथं घालून धावते;
पाठ मोडते त्याची,
मोडू दे.